खाते हलते, व्याजदर हलत नाही

मार्च लागला की पीपीएफची पासबुके कपाटातून बाहेर निघतात आणि त्यांच्याबरोबर एक सल्लाही बार्शीत फिरू लागतो : पोस्टातले खाते अमुक बँकेत हलवा, तिथे व्याज जास्त मिळते. हा सल्ला साफ चुकीचा आहे. पीपीएफचा दर केंद्र सरकार दर तिमाहीला जाहीर करते आणि तो देशभर एकच असतो. बार्शीच्या पोस्टात जो दर, तोच स्टेट बँकेत, तोच महाराष्ट्र बँकेत, तोच खाजगी बँकेत. जास्त व्याज देतो म्हणून पीपीएफ मागणारा एजंट एक तर अडाणी असतो, नाही तर दुसरीच कसली तरी योजना गळ्यात मारत असतो.

लोक अशा सल्ल्याला भुलतात, यात त्यांचा लोभच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६८ साली सुरू झालेल्या या योजनेने १९८६ ते जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के व्याज दिले. त्या व्याजावर मुलांची शिक्षणे आणि मुलींची लग्ने पार पाडलेली पिढी आज सत्तरीच्या घरात आहे. पुढे दर उतरत गेला. १ एप्रिल २०२० ला तो ७.९ वरून ७.१ टक्क्यांवर आला आणि पाच वर्षे उलटून गेली तरी जागचा हलला नाही. ३१ मार्च २०२१ च्या रात्री तर तो ६.४ टक्के केल्याचा आदेश निघाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्र्यांनी तो नजरचुकीने निघाल्याचे सांगून मागे घेतला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवरचा सरासरी परतावा आणि त्यावर पाव टक्का असे सूत्र श्यामला गोपीनाथ समितीने २०११ साली घालून दिले, पण ते पाळायचे की नाही हे सरकारच्याच हातात राहिले. बचतदाराला सूत्रही ठाऊक नाही आणि ते कधी मोडले तेही कळत नाही.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा अनुभव याच्या उलट आहे. तिथे १९९९ पासून ‘आयसा’ नावाचे करमुक्त बचत खाते आहे. त्याचा दर ज्याची त्याची बँक ठरवते, म्हणून बचतदार दर पाहून खाते या बँकेतून त्या बँकेत नेतो. मात्र पैसे स्वतः काढून नेले तर करमाफी जाते. बदलीचा अर्ज नव्या बँकेकडे द्यायचा, पुढचे त्या दोघांनी बघायचे. रोख आयसाची बदली १५ कामकाजाच्या दिवसांत पुरी व्हावी, असा दंडक आहे. आपल्याकडे दराची स्पर्धा नाही, ते एका अर्थी बरेच आहे. आमचा आक्षेप त्या १५ दिवसांच्या अभावाला आहे.

कारण खाते हलवायची गरज बार्शीकरांना खरोखरच पडते. मुले पुण्याला नोकरीला लागतात, आईवडील निवृत्तीनंतर त्यांच्याकडे राहायला जातात आणि पीपीएफ मात्र बार्शीच्या पोस्टात राहतो. नियम सांगतो की पोस्टातून बँकेत, बँकेतून पोस्टात, एका शाखेतून दुसऱ्या शाखेत खाते नेता येते; उघडल्याची मूळ तारीख कायम राहते, पंधरा वर्षांची मोजणी तुटत नाही. कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. जुन्या कार्यालयात अर्ज आणि पासबुक द्यायचे. मग तिथून खात्याची प्रमाणित नक्कल, खाते उघडतानाचा मूळ अर्ज, वारसाच्या नोंदीचा कागद, सहीचा नमुना आणि शिल्लक रकमेचा चेक नव्या शाखेकडे जायचा. मूळ अर्ज दहा-बारा वर्षांपूर्वीचा असतो. तो दप्तरात सापडायला वेळ लागतो. सापडला तर त्यावरची सही ठसठशीत आणि आजची थरथरत्या हाताची. दोन्ही जुळत नाहीत म्हणून पुन्हा हेलपाटा. चेक पोचला आणि नक्कल मागे राहिली तर खाते ना इथले ना तिथले.

यात पैसे बुडत नाहीत, पण नुकसान होते. पीपीएफचे व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरीपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर धरतात. वर्षाची दीड लाखांची पुरी रक्कम ५ एप्रिलपर्यंत भरली तर ७.१ टक्क्यांनी त्यावर १०,६५० रुपये व्याज होते. एक दिवस उशीर झाला की एका महिन्याचे साधारण ८८७ रुपये गेले. खाते वाटेत असताना भरणाच करता येत नसेल तर हा फटका निमूट सोसावा लागतो. म्हणून बदलीचा अर्ज मार्चमध्ये देऊ नये. ३१ मार्चचे व्याज पासबुकात चढू द्यावे, एप्रिलचा भरणा करावा, मग अर्ज द्यावा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.

हेलपाट्यांना कंटाळून काही जण पुण्यात सरळ दुसरे खाते उघडतात. हे फार महागात पडते. पीपीएफचे खाते माणशी एकच. जुलै २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने काढलेल्या आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार दुसरे खाते पहिल्यात विलीन होते, पण वार्षिक मर्यादेवरची जादा रक्कम बिनव्याजी परत मिळते आणि तिसऱ्या खात्याला तर पहिल्या दिवसापासून शून्य व्याज. बदली वेळेत झाली असती तर ज्यांनी दुसरे खाते उघडलेच नसते, त्यांना ही शिक्षा होते आहे.

दुसरी गळती मुदत संपल्यावर होते. पंधरा वर्षे झाली की खाते बंदच करावे लागते, असा समज पक्का आहे. तसे नाही. काहीच केले नाही तरी शिलकेवर व्याज चालू राहते. भरणाही चालू ठेवायचा असेल तर मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज देऊन पाच-पाच वर्षांनी वाढ घेता येते. हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. मग एकरकमी आलेला पैसा पतसंस्थेच्या नऊ-साडेनऊ टक्क्यांच्या पाटीकडे वळतो. वीस टक्क्यांच्या करटप्प्यातल्या माणसाने हिशोब करून पाहावा : उपकर धरून २०.८ टक्के कर गेल्यावर नऊ टक्क्यांचे हातात येतात सुमारे ७.१३. म्हणजे करमुक्त ७.१ च्या जवळपास तेवढेच. ज्यांना कर लागतच नाही त्यांचे गणित निराळे, हे खरे. पण पतसंस्थेतल्या ठेवीला पाच लाखांचे ते विमा संरक्षण नाही, जे बँकांतल्या ठेवींना आहे. पीपीएफमागे तर खुद्द सरकारची हमी आहे, आणि कर्जापायी न्यायालयालाही त्यावर टाच आणता येत नाही.

जादा परताव्याच्या आशेने घामाचा पैसा कुठे जातो, हे बार्शीला कोणी शिकवायला नको. जानेवारी २०२२ मध्ये शेअर बाजारातल्या भरमसाट नफ्याच्या आमिषाने कोट्यवधी रुपये अडकल्याच्या तक्रारी याच शहरातून झाल्या आणि पोलीस ठाण्यात रांगा लागल्या. सुरक्षित बचतीची वाट सोपी ठेवणे म्हणूनच सरकारचे कर्तव्य आहे. नोकरदाराचा भविष्यनिर्वाह निधी २०१४ पासून यूएएन क्रमांकाला जोडलेला आहे आणि त्याच्या बदलीचा अर्ज घरबसल्या करता येतो. दुकानदार, शेतकरी, शिवणकाम करणारी बाई यांच्या पीपीएफला मात्र आजही लिफाफा आणि चेक. पोस्ट आणि बँका दोन्ही संगणकावर आल्या असताना याला कसलेही समर्थन उरत नाही.

बार्शी तालुका जिल्ह्याने सोलापूरचा, लोकसभेला धाराशिवचा. धाराशिवच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात अर्थ मंत्रालयाला दोन प्रश्न लेखी विचारावेत : बार्शीच्या पोस्टातून निघालेले पीपीएफ खाते पुण्याच्या बँकेत किती दिवसांत उभे राहिले पाहिजे, आणि त्याहून उशीर झाला तर खातेदाराच्या बुडालेल्या व्याजाची भरपाई कोणी करायची?