सिस्टर देवी नाही, कामगार आहे

गुहागरचा कॅन्सर रुग्ण उपचारासाठी डेरवणला जातो, नाहीतर थेट परळच्या टाटाला. आता बरीचशी केमो डे-केअरमध्येच होते. सलाईन संपलं की रुग्ण संध्याकाळी घरी. डॉक्टर थोडा वेळ भेटतात. औषध शिरेबाहेर तर जात नाही ना, हे तासन्‌तास पाहते ती सिस्टर. "ताप १०० च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा," हे वाडीतल्या आजीला समजेल असं सांगते तीही सिस्टरच. त्या एका वाक्यावर जीव वाचतो.

या कामात समाधान नाही का? आहे. पण समाधानावर घरभाडं भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० रुपये द्या, अशी शिफारस केली. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे.

पगार मागितला की उत्तर येतं, "ही तर सेवा!" सेवा करा, मागू नका ही भाषा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे. सावित्रीमाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांसाठी प्राण दिला, तो फुकट राबवून घेण्याचा परवाना नव्हे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला, तो हक्क म्हणून. उपकार म्हणून नाही.

म्हणून नर्सदिनाला गुलाब देऊन थांबू नका. किती रुग्णांमागे एक सिस्टर, कंत्राट किती महिन्यांचं, हातात पगार किती, हे विचारा. आम्ही विचारणार आहोत.

जय भीम!