सरड्याचा डोळा कोण तपासणार?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारची कामं आटोपून मी बचत गटाच्या वह्या घेऊन बसले होते, तर गल्लीतला अकरावीतला मुलगा बुटांचा खोका घेऊन दारात उभा. "काकू, याचा डोळा बघा ना जी!" खोक्यात वीतभर सरडा! मी आधी दोन पावलं मागेच सरले. खोटं कशाला सांगू?

हा आपल्या कुंपणावरचा सरडा नव्हे. 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणतात त्याला, म्हणजे दाढीवाला. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. पोरानं साठवलेल्या पैशातून मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडून मागवलेला. डावी पापणी सुजून बंद झाली होती, आणि तीन दिवस पोटात काही नव्हतं. सरडा भक्ष्य डोळ्यांनी हेरतो. दिसलंच नाही तर खाणार काय?

त्याच्या आईनं घरातलं माणसांचं, उरलेलं आयड्रॉप दोनदा घातलं होतं. मैत्रिणींनो, हे आपण सगळ्याच करतो. पण अशा काही थेंबांत स्टेरॉईड असतं, आणि बुबुळावर जखम असेल तर ती त्यानं चिघळते. माणसाचीही, सरड्याचीही.

गावातल्या पशुवैद्यकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "गाय, शेळी, कुत्रं आणा. हे मी कधी हाताळलं नाही." मग मायलेक नागपूरला गेले. तिथल्या डॉक्टरांनी पापणीखालून वाळूचे कण काढले, आणि तो खातो काय ते विचारलं. उत्तर, नुसत्या पिठातल्या अळ्या. त्यांत 'अ' जीवनसत्त्व फारच कमी. ते कमी पडलं की पापण्यांच्या आतलं अस्तर जाड होतं, अश्रू आटतात, सूज येते, जंतू शिरतात.

ऐकून मला अंगणवाडी आठवली. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत आपल्या लेकरांना जो डोस देतो, तेच हे 'अ' जीवनसत्त्व! रातांधळेपणा आपल्याला माहीत असतो, पण काचेच्या पेटीतल्या जीवाचाही तोच हिशेब असेल असं मनात येत नाही. म्हणून सरड्याला देण्याआधी त्या किड्यांनाच गाजर, हिरवा पाला खाऊ घालायचा असतो. अर्थात औषध मनानं द्यायचं नाही. 'अ' जीवनसत्त्व जास्त झालं तरी बाधतं.

दुसरा घोटाळा दिव्याचा. या सरड्यांना कॅल्शियम पचायला अतिनील किरणं लागतात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ती मिळत नाहीत, म्हणून खास दिवा लावतात. तो अगदी जवळ बसवला तर डोळे भाजतात, आणि जुना झाला तर उजेड दिसतो पण किरणं संपलेली असतात. वाळूऐवजी खाली साधा कागद अंथरलेला बरा. आणखी एक गंमत. या सरड्याच्या डोक्यावर तिसरा डोळा असतो, ठिपक्यासारखा. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड-सावली कळते. वरून हात आला की त्याला ससाणाच वाटतो! उचलायचा तर बाजूनं. आणि नंतर साबणानं हात धुवायचे, कारण सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. घरात लहान बाळ असेल तर फारच जपायला हवं.

आता मुद्दा असा की हे प्राणी येतात कुठून? ऑस्ट्रेलिया आपले जंगली सरपटणारे प्राणी जिवंत विकायला बाहेर जाऊच देत नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात साप, सरडे सापडले. केंद्रानं जून २०२० मध्ये परदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करायला सांगितलं होतं. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी यादीतल्या प्रजातींची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. हिरवा इग्वाना त्या यादीत येतो. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवायचं. नियम चांगलेच आहेत. पण नोंद झाली की उपचाराची सोय झाली, असं थोडंच आहे? बाजार कुरिअरनं आपल्या दारापर्यंत पोचला, डॉक्टर मात्र नागपूरलाच राहिला. माझं तर म्हणणं आहे, प्राणी विकणाऱ्यानं त्याचा आहार, दिवा, जवळचा डॉक्टर हे लिहून दिल्याशिवाय पैसेच घेऊ नयेत.

आणि हो, ही हौस बघून कुणी बांधावरची घोरपड घरात आणाल तर सावध! ती वाघाच्याच, पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. पाळणंही गुन्हा, मारणंही. आपल्याकडे तेलासाठी, मांसासाठी ती अजून मारली जाते, हे आपण जाणतोच. जखमी दिसली तर वनविभागाला १९२६ वर फोन करावा.

पोराचा सरडा वाचला. पापणी उघडली, पण बुबुळावर पांढरा ठिपका राहिलाय, त्या बाजूनं अळी टाकली तर त्याला कळत नाही. त्याची आई आता रोज सकाळी पोळ्या झाल्या की आधी किड्यांसाठी गाजर किसते. नागपूरच्या फेऱ्यांचा खर्च सरड्याच्या किमतीपेक्षा जास्त झाला. विकणाऱ्याला सांगावं म्हणून पोरानं कितीदा तरी फोन लावला. तो बंदच येतो.