डाख दिलेला प्रोसेसर आणि मालकीचा प्रश्न

आमच्या जिल्ह्यातील एका जुन्या साथीचा मुलगा गेल्या महिन्यात माझ्याकडे आला होता. तो ॲनिमेशनचे शिक्षण घेतो. वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून चार वर्षांपूर्वी त्याला एक ‘गेमिंग लॅपटॉप’ घेऊन दिला होता. खेळाच्या यंत्रासाठी कर्ज काढले म्हणून आपल्यातील काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावतील. वस्तुस्थिती अशी की त्रिमिती चित्रांच्या कामाला लागणारी ग्राफिक्स चिप सर्वसामान्यांना परवडेल अशा दरात बाजारात मिळते ती बहुधा याच नावाच्या यंत्रात. आता नव्या सॉफ्टवेअरपुढे ते यंत्र धापा टाकू लागले. प्रोसेसर तेवढा बदलून घ्यावा म्हणून मुलगा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेला. कारागिराने मागचे झाकण काढून दाखवले आणि सांगितले, हा निघत नाही, सोल्डर केलेला आहे. बदलायचा तर सगळा मदरबोर्ड बदला, आणि त्या पैशात थोडी भर घातली तर नवा लॅपटॉपच येईल. कर्जाचे हप्ते संपून अजून वर्षही झालेले नाही. मुलाने मला विचारले, “सर, यंत्र आमचे, मग त्यातला एक भाग आम्हाला का बदलता येऊ नये?”

प्रश्न वाटतो तितका तांत्रिक नाही. २०१३ साली इंटेल कंपनीने लॅपटॉपसाठी चौथ्या पिढीचे जे प्रोसेसर काढले, त्यांत आय-७ ४७००एमक्यू आणि आय-७ ४७००एचक्यू ही दोन भावंडे होती. दोहोंत चार कोअर, दोहोंचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्‌झ, दोहोंची विजेची मर्यादा ४७ वॉट. एक मात्र सॉकेटमध्ये बसणारा होता. स्क्रू फिरवला की सुटून हातात येई. दुसऱ्याच्या पोटाखाली सोल्डरचे १,३६४ बारीक गोळे, आणि ते वितळवून तो बोर्डाशी कायमचा जखडलेला. पुढच्या पिढीपासून इंटेलने लॅपटॉपसाठीचा सॉकेटचा प्रकार बंदच करून टाकला. एकच वस्तू दोन्ही रीतींनी बनत होती, त्यांतली ग्राहकाच्या हाती थोडीफार सत्ता ठेवणारी रीत नाहीशी झाली, आणि त्याबद्दल ग्राहकाला कोणी विचारलेही नाही.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. सॉकेटमुळे यंत्राची जाडी वाढते. आतले पंखे आणि उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या ठराविक वॉटच्या हिशेबाने बसवलेल्या असतात. जास्त तापणारा प्रोसेसर घातला तर तो पुरता वेग धरूच शकत नाही. शिवाय बायोसने नव्या प्रोसेसरची ओळख पटवून घ्यावी लागते, आणि बायोस कंपनीच्या ताब्यात. खेळाचा वेगही पुष्कळदा प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स चिपवर अवलंबून असतो. हे सगळे खरे. परंतु दोन-अडीच किलो वजनाच्या, विटेसारख्या जाड गेमिंग लॅपटॉपच्या बाबतीत एक-दोन मिलिमीटरची सबब ऐकताना हसू येते.

केवळ सॉकेट ठेवल्याने प्रश्न सुटतो असेही नाही. डेल कंपनीने २०१९ साली ‘एलियनवेअर एरिया-५१एम’ हा महागडा गेमिंग लॅपटॉप आणला. त्यात डेस्कटॉपचा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला होता, आणि भाग बदलून यंत्र अद्ययावत ठेवता येईल हे त्याचे मोठे आकर्षण म्हणून सांगितले गेले. २०२० साली इंटेलने डेस्कटॉप प्रोसेसरची पुढची पिढी आणली ती वेगळ्या सॉकेटची. जुन्या यंत्रात ती बसेना. तिच्यासाठी एरिया-५१एमची दुसरी आवृत्ती बाजारात आली. २०२१ साली कॅलिफोर्नियात डेलवर दिशाभूल केल्याचा आरोप ठेवणारा दावा दाखल झाला. आरोपाचा निवाडा न्यायालयाचा विषय आहे. आपण लक्षात घ्यायचे ते इतकेच की सॉकेटचे माप हीसुद्धा खाजगी मालमत्ता आहे आणि ते केव्हा बदलायचे हे तिचा मालक ठरवतो.

अर्थशास्त्रात ही गोष्ट नवी नाही. १९२४ साली जगातील प्रमुख दिव्यांच्या कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ करून बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरवले आणि अधिक टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सभासदांना दंड आकारला. रोनाल्ड कोझ हे काही समाजवादी नव्हते. परंतु १९७२ सालच्या आपल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की टिकाऊ वस्तू विकणाऱ्या मक्तेदाराला आपल्याच मालाच्या टिकाऊपणाची अडचण होते. यातून सुटायचे तर त्याने वस्तू भाड्याने द्यावी किंवा कमी टिकाऊ करावी. आमच्या साथीने लॅपटॉप विकत घेतला असे पावती म्हणते. व्यवहारात त्याने तो चार वर्षांसाठी भाड्यानेच घेतला, आणि भाडे एकरकमी, व्याजासकट भरले.

या हिशेबातला एक खर्च कंपनीच्या वहीत कधी येतच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्क्यांचे रीतसर पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातील काही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत येते. तेथे माणसे उघड्या हातांनी बोर्ड फोडतात आणि तांब्यासाठी तारा जाळतात.

आणि दुरुस्ती करणारा कारागीर? लॅमिंग्टन रोडवरील गाळ्यांत गरम हवेच्या यंत्राने चिप उचलून नवी बसवणारे हात आहेत. बहुतेकांचे शिक्षण गुरूच्या पाटाशी बसून झालेले. त्यांच्याजवळ नसतो तो बोर्डाचा नकाशा. कंपनी तो देत नाही; मग तो कुठून तरी, ओळखीपाळखीने, काहीशा चोरीच्या भावनेने मिळवावा लागतो. डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला तेव्हा यंत्रावर माणसाचा ताबा राहावा ही त्यामागची दृष्टी होती. आपल्या कामगार आघाडीने या कारागिरांकडे आजवर दुकानदार म्हणूनच पाहिले, ही आपली चूक आहे.

इतरत्र काही हालचाल झाली आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापावे लागतात. न्यूयॉर्क राज्याने २०२२ साली कायदा केला. मात्र गव्हर्नरांची सही होता होता त्यात सुट्या भागाऐवजी, धोक्याचे कारण पुढे करून, संपूर्ण जोडणी विकण्याची मुभा शिरली. म्हणजे पुन्हा मदरबोर्डच. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबरात एक पोर्टल उघडले, आणि दुरुस्ती निर्देशांकावरील दुसऱ्या समितीने २०२५ साली अहवाल दिला. पोर्टलवर माहिती ठेवणे वेगळे आणि सुटा भाग वाजवी दरात देण्याची सक्ती वेगळी. सक्तीची मागणी आपणच केली पाहिजे.

अमेरिकेतील फ्रेमवर्क ही छोटी कंपनी २०२१ पासून असे लॅपटॉप विकते की प्रोसेसर सोल्डर केलेला असला तरी त्याचा बोर्ड ग्राहक स्वतः बदलू शकतो. २०२४ साली तिने मोठ्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा भागही सुटा करून दाखवला. तेव्हा ‘अशक्य’ हा शब्द कंपन्यांनी जपून वापरावा. पण एका कंपनीच्या सद्‌बुद्धीवर धोरण उभे राहत नाही. सरकार हा संगणकांचा फार मोठा गिऱ्हाईक आहे. निविदेतच अट घालावी: बोर्डाचा नकाशा खुला, सुटे भाग आणि बोर्ड सात वर्षे जाहीर दरात, बायोसची अडवणूक नाही. २०१३ साली उत्तर प्रदेशात समाजवादी म्हणवणाऱ्या सरकारने विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले, तेव्हा चर्चा रंगली ती पडद्यावरील नेत्यांच्या छायाचित्रांची. पुन्हा असे वाटप कुठे निघाले तर आपल्या आमदारांनी सभागृहात पहिला प्रश्न सुट्या भागांचा विचारावा.

त्या मुलाचे काम तूर्त भागले आहे. कारागिराने पंख्यांतील धूळ काढली, प्रोसेसरवरील वाळून गेलेली थर्मल पेस्ट बदलली आणि ८ जीबीची रॅम १६ केली. यंत्र आता पूर्वीइतके तापत नाही, चित्रेही बऱ्यापैकी वेगाने उमटतात. रॅम खाचेत बसणारी होती म्हणून हे जमले. हल्लीच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये तीही सोल्डर करूनच येते.