डबा काढू का, काकू?

पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसच्या कँटीनमध्ये जा आणि ‘काल सिरियल पाहिली का?’ असं मोठ्याने विचारून बघा. खिशातून पेजर काढल्यासारखं लोक तुमच्याकडे बघतील. ‘आमच्याकडे केबल नाही’ हे वाक्य हल्ली ‘मी साखर सोडली’च्या चालीवर म्हटलं जातं. थोडा अभिमान, समोरच्याची थोडी कीव. वन बीएचके, भिंतीवर ४३ इंच, कोपऱ्यात राउटर, झालं काम! महिन्याच्या पाच तारखेला पावतीबुक घेऊन दारात उभा राहणारा केबलवाला नावाचा प्राणी आपल्यापैकी कित्येकांनी गेल्या काही वर्षांत पाहिलेलासुद्धा नाही.

पण मंडळी, आपल्यातल्या बऱ्याच जणांचं एक घर दुसरीकडे असतं. माझं यवतमाळला आहे. तिथे आई आहे, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले बाबा आहेत आणि आजी आहे. आणि गेल्या उन्हाळ्यात मी तिथे एक चकाचक स्मार्ट टीव्ही नेऊन ठेवला. कमावत्या मुलीने घरी काहीतरी न्यायचं असतं ना, तसा. फंडा सिंपल होता. केबल बंद, फायबर चालू, सगळे खूश.

किती सोपं वाटतं ना?

जरा मागे जाऊ. १९९१ च्या आखाती युद्धात सीएनएन बघायला मोठ्या शहरांतल्या हॉटेलांनी डिश लावल्या. त्याच वर्षी स्टार आलं, २ ऑक्टोबर १९९२ ला झी आलं. मग गावोगावच्या हरहुन्नरी पोरांनी कुणाच्या तरी गच्चीवर छत्री टाकली आणि विजेच्या खांबावरून, कडुनिंबाच्या फांदीवरून, जमेल तशा वायरी ओढल्या. सरकारचा केबलचा कायदा आला १९९५ मध्ये. तोवर वायर खिडकीतून घरात पोचलीसुद्धा होती! कुठल्याही मोठ्या कंपनीने हे जाळं विणलेलं नाही. रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या, व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणाऱ्या पोरांनी ते विणलं. आमचा केबलवाला भाऊ त्यातलाच.

मला आठवतं ते २००५-०६ नंतरचं. लोडशेडिंगचे दिवस. आपल्याकडे लाइट असायची, पण भाऊच्या कंट्रोल रूमकडची गेलेली असायची, की टीव्हीवर नुसत्या मुंग्या. आली तर आपली गेलेली. त्यातून सुटलं तर वानरं. यवतमाळात वानरांना केबलच्या वायरीवर झोके घ्यायला जाम आवडतं. भाऊ शिडी खांद्यावर टाकून सायकलवर यायचा, वायरीच्या टोकाला दातानेच सोलायचा आणि दोन मिनिटांत चित्र! अल्फा मराठीचं १९९९ मध्ये सुरू झालेलं दुकान २००५ मध्ये झी मराठी झालं, पण आजीला ते कुणी सांगितलं नाही. ती अजूनही ‘अल्फा लाव व’ म्हणते.

नंतर डबा आला. केबल डिजिटल करायची मोहीम २०१२ मध्ये चार महानगरांपासून सुरू झाली. दुसऱ्या टप्प्यात पुणे-नागपूरसारखी शहरं, तिसऱ्या टप्प्यात उरलेली शहरं आणि शेवटी खेडी, असं करत ती २०१७ पर्यंत चालली. सेट टॉप बॉक्स म्हणजे आमच्या भाषेत डबा. चित्र स्वच्छ झालं, मुंग्या गेल्या, पण भाऊच्या हातातली किल्लीही गेली. कुठलं चॅनेल दिसणार, कुठलं नाही, हे आता वरून ठरायला लागलं. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायची नवी दरपद्धत आली. १०० चॅनेलपर्यंत १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे काही न बघता १५३ रुपये ४० पैसे. पेड चॅनेलचे पैसे वेगळे. ग्राहकाला निवड मिळावी म्हणून हे केलं होतं. आमच्या गल्लीत निवड अशी झाली की बाबांनी एका कागदावर चॅनेलांची यादी लिहिली, भाऊने ती खिशात घातली आणि आधी जे दिसत होतं तेच पुन्हा चालू केलं. बिल मात्र वाढलं.

तोवर खरा घोळ दुसरीकडे झालेला होता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट! त्याच वर्षी जानेवारीत नेटफ्लिक्स आणि डिसेंबरात प्राइम व्हिडिओ भारतात आलेलं. २०१७ मध्ये अॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक ३,९९९ रुपयांना आली आणि साध्या टीव्हीच्या पाठीमागे खोचायची काडी हा प्रकार आपल्याला कळला. आकडे बघायचे तर बघा. डीटीएचचे चालू ग्राहक मार्च २०२४ मध्ये ६ कोटी १९ लाख होते, वर्षभराने ५ कोटी ६९ लाख. केबल कंपन्यांची फेडरेशन आणि ईवाय यांच्या २०२५ च्या अहवालात केबल-डीटीएच मिळून पैसे भरून टीव्ही बघणारी घरं २०१८ मध्ये १५ कोटी १० लाख, तर २०२४ मध्ये ११ कोटी १० लाख दिली आहेत. म्हणजे मी घरी नेलेला टीव्ही एका मोठ्या मिरवणुकीतच चालला होता.

आता आमच्या हॉलमध्ये या. पहिले दोन दिवस एकदम सॉलिड. बाबांना यूट्यूब सापडलं. तुम्ही-आम्ही वेब सिरीजवर वाद घालतो, पण आमच्या जिल्ह्यात स्ट्रीमिंग म्हणजे आधी यूट्यूब, मग बाकी सगळं. कीर्तन, तुरीवरची कीड, नागपुरी सावजी, सगळं तिथेच. टाइप करता येत नाही म्हणून आई अडली होती, तिला रिमोटवरचं माइकचं बटण दाखवलं. तिने ते दाबून, फोनवर बोलतात तसं, ‘मला जरा कालचा भाग दाखव’ असं सांगितलं. आदराने. टीव्हीने काहीतरी भलतंच लावलं, पण प्रयत्न दोघांनीही केला.

तिसऱ्या दिवशी आईचा चेहरा उतरला. कारण ऐकाल तर हसाल. अॅपवर पैसे भरणाऱ्यांना सिरियलचा भाग टीव्हीच्या आधीच दिसतो. आईने रात्रीचा भाग दुपारीच बघून टाकला. मग साडेसातला करायचं काय? समोरच्या काकू रात्री बघणार, म्हणजे आईने तोवर तोंड शिवून बसायचं. जाहिरातीत कुकर लावायचा, दुसऱ्या जाहिरातीत पोळ्या, हे तिचं वीस वर्षांचं टाइमटेबल होतं. जाहिराती गेल्या आणि स्वयंपाक लांबला. मला हे आधी गमतीचं वाटलं. पण आजी संध्याकाळी आपोआप हॉलमध्ये येऊन बसायची, ती यायची बंद झाली, तेव्हा गंमत वाटेनाशी झाली. तिला कुणी बोलावलं तर पाहिजे ना! पूर्वी ते काम टायटल साँग करायचं.

थोडा हिशोबही सांगते, कारण तुमच्यातले काही जण दिवाळीला हेच करणार आहेत. टीव्हीला एचडीएमआयचं भोक असेल तर नवा टीव्ही घ्यायची गरज नाही, काडी पुरते. जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या डब्यावर मात्र तिचा काही उपयोग नाही. फुल एचडीला नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस सांगतं, फोर-केला १५. तेवढं फायबर सहज देतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवू म्हणाल तर एचडीचा एक तास ३ जीबीपर्यंत खातो. रोजचा दीड जीबीचा पॅक अर्ध्या तासात साफ. राउटर हॉलमध्येच ठेवा, जुन्या घरांच्या दीड फुटी भिंतीतून वायफाय जात नाही. आणि आपलंच अकाउंट आईवडलांना देऊ हा विचार डोक्यातून काढा. जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सने भारतातही एक अकाउंट एका घरापुरतं केलंय. नोकरीसाठी गाव सोडलेल्या पोरांची आई त्यांच्या ‘हाउसहोल्ड’मध्ये धरली जात नाही!

पैसे? डिसेंबर २०२१ च्या कपातीनंतर नेटफ्लिक्सचा टीव्हीवर चालणारा सगळ्यात स्वस्त प्लॅन १९९ रुपये झाला. जिओहॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ ला आलं, तेव्हा मोबाइलचा तीन महिन्यांचा प्लॅन १४९ रुपयांचा होता, दोन पडद्यांचा २९९. त्यात फायबरचं बिल, प्राइम आणि मराठीसाठी आणखी एखादं अॅप. बेरीज केली तर केबल स्वस्त पडते हो. आपल्याला स्ट्रीमिंग स्वस्त वाटतं, कारण इंटरनेट आपण तसंही भरत असतो.

पण खरी अडचण रकमेत नाहीच. मोठे बाबांचं शेत आर्णीजवळ आहे. तिथल्या केबलवाल्याकडे जुलै ते नोव्हेंबर कुणीच पैसे भरत नाही आणि तो मागतही नाही. पऱ्हाटी उभी असते, हातात पैसा नसतो. कापूस विकला की चार-पाच महिन्यांचे एकदम. वहीत नोंद, बस. यंदा बोंडअळीने खाल्लं तर तोही अर्ध्यावर तोडपाणी करतो. अॅपला हे कसं सांगणार? ऑटोपे ठरलेल्या तारखेला पैसे ओढतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२१ पासून २४ तास आधी मेसेज येतो, एवढीच माया. खात्यात नसले की पडदा बंद. म्हणून खेड्यात अजून दूरदर्शनची फ्री डिश दिसते. २००४ मध्ये सुरू झालेली, महिन्याचं भाडं शून्य. मोठे बाबांनी तीच लावलीय. पुण्याच्या कुठल्याही पार्टीत तिचं नाव कुणी काढत नाही, पण ती अगदी हुशारीची खरेदी आहे.

आणि दुर्गोत्सव! यवतमाळच्या बाहेरच्यांना सांगावं लागतं, आमच्याकडे गणपतीपेक्षा देवीचा थाट मोठा. नवरात्रात अख्खा जिल्हा शहरात उतरतो, रात्रभर रस्ते फुललेले. गुडघ्यांमुळे आजी आता बाहेर पडत नाही. ती सगळ्या देव्या बघते केबलच्या लोकल चॅनेलवर. हलणारा कॅमेरा, घसा बसलेला निवेदक, खाली साडी सेंटरची पट्टी. कुठल्याही प्लॅटफॉर्मने हे बनवलेलं नाही आणि बनवणारही नाही, कारण त्याचा प्रेक्षक एका शहरात संपतो.

भाऊ आला तो या सगळ्याच्या मधे, मे महिन्याच्या वादळानंतर. आमचं नवंकोरं फायबर तीन दिवस बंद होतं. कंपनीचं नाव कशाला घेऊ, कॉल सेंटरवर चौथ्यांदा मला ‘तुमचा पिनकोड सांगा’ म्हणाले तेव्हा मी फोन ठेवला. आईने भाऊला बोलावलं. तो शिडी लावून चढला, फांदी पडून तुटलेली वायर शोधली आणि कुणाला तरी फोन करून जोडून घेतली. मी विचारलं, तुमचा काय संबंध? तर हसला. ‘ताई, ही फायबर मीच ओढून राह्यलो ना आता. खांब तेच, शिडी तीच. फक्त वायर बारीक झाली.’

खरंच आहे. रिलायन्सने २०१८ मध्ये डेन आणि हॅथवे या केबल कंपन्यांत मोठा हिस्सा घेतला तो याच माणसांसाठी. घरात शिरायचा शेवटचा शंभर मीटरचा रस्ता त्यांना पाठ असतो. मालक मात्र तो राहिला नाही. पूर्वी महिन्याचा गल्ला त्याचा होता, आता जोडणीमागे कमिशन मिळतं. त्याच्या दुकानातल्या लोखंडी कपाटात परत आलेल्या डब्यांची चळत लागली आहे. पोराला त्याने आयटीआयला घातलंय, केबलमध्ये नाही. हे सगळं त्याने चहा पिता पिता सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता. मलाच ऐकवेना.

मग उठताना त्याने टीव्हीखालच्या धूळ बसलेल्या डब्याकडे बघून आईला विचारलं, ‘डबा काढू का, काकू? उगाच भाडं भरून राह्यले तुम्ही.’

स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःच सोडवायला निघालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी फोनकडे. आई म्हणाली, ‘राहू दे नवरात्रापर्यंत.’ आजी आतून ओरडली, ‘काऊन काढता बाप्पा? अल्फा आहे त्यात.’

नवरात्र होऊन गेलं. लोकल चॅनेलवाल्यांनी या वेळी देव्या यूट्यूबवरही दाखवल्या, आणि ते लिंक पाठवायचं काम भाऊनेच केलं. मी पुण्यात लॅपटॉपवर त्या लावल्या, रात्री अकराला, एका डेडलाइनच्या मधे. घरी त्याच वेळी डब्यावर तेच चालू होतं. आईने फोनवर सांगितलं, तुझ्याकडे चित्र मागे आहे, आमची देवी कधीच चौकातून पुढे गेली.