पावसाळा काढलेला लॅपटॉप

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तानसाच्या बाजूच्या एका पाड्यावरून एक शेतकरी आणि त्यांची मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आटगावला आले. खताच्या रिकाम्या गोणीत, वर प्लास्टिक गुंडाळून, लहान बाळ आणावं तसा तो आणला होता. मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "दोन वर्षंच झालीत काका, चालूच होत नाही," म्हणाली. विकत घेताना तिने सगळं तपासलं होतं. प्रोसेसर कितव्या पिढीचा, रॅम किती, वजन किती, सगळं तिला पाठ होतं आणि त्यातलं काहीही चूक नव्हतं.

खालचं झाकण काढलं. पंख्याच्या पात्यांवर मळणीचा बारीक कोंडा बसून त्याची वळकटी झाली होती. चार्जिंगच्या पिनेजवळच्या दोन-तीन भागांच्या पायांवर हिरवट खार धरला होता. डाव्या बिजागरीचा पितळी नट प्लास्टिकमधून उखडून मोकळा फिरत होता. बॅटरी इतकी फुगली होती की तिने टचपॅड खालून वर उचललं होतं. लॅपटॉप कधी पडला नव्हता, त्यावर पाणी सांडलं नव्हतं. कुडाच्या भिंतीतल्या फळीवर, वर रुमाल टाकून, घरातली सगळ्यात जपलेली वस्तू म्हणून तो ठेवलेला असायचा. त्याने फक्त दोन पावसाळे काढले होते.

आपल्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्यांतले बरेच जण ठाण्या-कल्याणच्या दुकानांत काम शिकून इथे शहापूर, आसनगाव, खर्डी, मुरबाड, सरळगावला टेबल टाकून बसलेत. शिकताना आपल्याला दोष शोधायला शिकवलं: शॉर्ट कुठे आहे, व्होल्टेज कुठवर येतंय, कोणती आयसी तापतेय. ते आपण चांगलं करतो. पण लॅपटॉप चांगला की वाईट हे ठरवण्याचं काम आपण जाहिरातीवर आणि खोक्यावरच्या छापील ओळींवर सोडून दिलं. गिऱ्हाईक घेण्याआधी विचारायला येतं तेव्हा आपणही त्याच ओळी त्याला परत वाचून दाखवतो. ही सवय मोडायची वेळ आली आहे, एवढंच मला या अंकात सांगायचं आहे. लॅपटॉपचं खरं मूल्यमापन तो उघडणारा माणूस करू शकतो, आणि आपल्या भागात ते पहिल्या पावसाळ्यानंतरच होतं.

वातावरणापासूनच बघा. मुंबईने आपलं पाणी इथून न्यायचं ठरवलं ते उगाच नाही. १८९२ साली तानसाचं धरण पुरं झालं, पुढे वैतरणेवर मोडकसागर आणि मग भातसा झालं, कारण सह्याद्रीच्या या पायथ्याशी पाऊस भरभरून पडतो. जून ते सप्टेंबर घरातली काडेपेटी पेटत नाही, पापड सादळतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. त्याच घरात मदरबोर्डही असतो. लॅपटॉप बहुतेक वेळ बंद राहिला तर आतली उष्णता नाही, त्यामुळे दमट हवा बोर्डावर बसून राहते. धूळ ती ओल धरून ठेवते आणि बॅटरीचा विजेचा दाब ज्या ठिकाणी कायम असतो, नेमकं तिथेच तांबं खायला सुरुवात होते. म्हणून खार चार्जिंगच्या भागात आधी दिसतो. जपून ठेवलेला लॅपटॉप रोज वापरलेल्यापेक्षा आधी मरतो, हे आपण प्रत्येकाने टेबलावर पाहिलं आहे, पण विकत घेणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं. पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू ठेवा, भिंतीला टेकवून ठेवू नका, हे दोन वाक्यांचं सांगणं हजारो रुपये वाचवतं.

उन्हाळ्याचं वेगळंच. घरगुती लॅपटॉपसोबतचं माहितीपत्रक नीट वाचा. वापरायचं तापमान बहुतेक वेळा ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच दिलेलं असतं. मुरबाडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. म्हणजे कंपनीने ज्या हवेचा विचारच केला नाही, त्या हवेत आपलं गिऱ्हाईक वर्षातले दोन महिने काम करतं. मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो आणि लोक म्हणतात "स्लो झाला, फॉरमॅट मारून द्या." आपण फॉरमॅट मारतो, पैसे घेतो, आठ दिवसांनी माणूस परत येतो. पंखा साफ करून, थर्मल पेस्ट बदलून, लॅपटॉप गादीवर न ठेवता पाटावर ठेवायला सांगितलं असतं तर तो परत आला नसता.

बॅटरीचं दुखणं आणखी अवघड आहे. लिथियम बॅटरीला उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती लवकर म्हातारी होते. आणि आपल्याकडची वीज अशी की माणूस भीतीने चार्जर काढतच नाही. कधी जाईल सांगता येत नाही, मग भरून ठेवलेली बरी. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मी अलीकडे प्रत्येक लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आहे का ते पाहतो, असेल तर ती चालू करून देतो, आणि महावितरणचा देखभालीचा बंद जाहीर झाला की आदल्या रात्री ती कशी काढायची ते घरातल्या मुलाला दाखवतो. विंडोजमधला बॅटरी रिपोर्ट काढायला एक मिनिट लागतं. मूळ क्षमता किती होती आणि आज किती उरली आहे, हे दोन आकडे गिऱ्हाइकासमोर कागदावर लिहून द्यावेत. जुना लॅपटॉप विकणारा कितीही गोड बोलला तरी हे दोन आकडे खरं सांगतात.

विजेवरून अर्थिंग आठवलं. "लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात" ही तक्रार धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपची म्हणून आपण हसून सोडतो. अडॅप्टरमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यातून अगदी थोडा प्रवाह अर्थकडे जायला हवा. तिसरी पिन तोडलेली असते, किंवा घरात अर्थिंगच नसतं, म्हणून तो बॉडीवर राहतो आणि हाताला जाणवतो. आणि न्यूट्रल तुटून घरात तिप्पट नाही तरी दुपटीच्या जवळ दाब आला, की पहिला बळी अडॅप्टरचाच जातो. मग माणूस बाजारातला दीडशे रुपयांचा घेतो. लॅपटॉप आणि अडॅप्टर दोन्हींना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी आहे. अडॅप्टरवर आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो आणि तो बीआयएस केअर या मोबाइल अॅपवर टाकून तपासता येतो. गिऱ्हाइकासमोर तपासा. दीडशेचा आणि नऊशेचा यातला फरक त्याला तिथे दिसेल, आपल्याला वाद घालावा लागणार नाही.

हे लिहिताना मला माझी एक चूक सांगायला हवी. २०२० च्या मार्चमध्ये शाळा-कॉलेजं बंद झाली आणि जूनपर्यंत प्रत्येक घरात लॅपटॉप हवा झाला. शेजारच्या एका घराने मला विचारलं. बजेट कमी होतं, मी एक बारीक, हलका, नवा कोरा लॅपटॉप सुचवला. चार जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. दोन्ही बोर्डाला सोल्डर केलेलं, वाढवायला जागाच नाही, हे मला माहीत होतं. "आत्ता क्लासपुरतं होईल" म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. वर्षाच्या आत विंडोजचे अपडेट बसायलाही जागा उरली नाही. त्या घरातल्या मुलाने दहावीचं वर्ष तो लॅपटॉप चालू होण्याची वाट पाहत काढलं. नंतर मी त्यावर लिनक्स टाकून दिलं, आजही तो टायपिंगला चालतो, पण तेवढ्याच पैशांत मी लॅमिंग्टन रोडवरून एखादा वापरलेला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड आणून दिला असता तर तो मुलगा अडला नसता. ऑफिसांतून बाहेर पडलेले असे लॅपटॉप जाड असतात, जड असतात, दिसायला जुने असतात. पण रॅम बदलता येते, डिस्क बदलता येते, बिजागरी धातूच्या चौकटीला धरलेली असते. अनेक थिंकपॅडच्या कीबोर्डवर पाणी सांडलं तर ते खाली निघून जायला भोकं ठेवलेली असतात. आपल्या हवेला नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा पाच वर्षांचा ऑफिसचा लॅपटॉप चांगला, असं माझं ठाम मत झालं आहे. घेताना बायॉसला पासवर्ड नाही ना आणि कंपनीचं लॉक निघालं आहे ना, एवढं मात्र पाहिलंच पाहिजे.

यात एक गाठ विंडोज ११ ने घातली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. त्या तारखेपासून "आता नवाच घ्या" हे वाक्य आपल्या दुकानांत फार सहज बोललं जाऊ लागलं. ज्याला बँकेचं, आयकराचं काम आहे त्याने बदलावा हे खरं. पण जी आशाताई फक्त अहवाल टाइप करते, जो मुलगा फक्त सराव करतो, त्यांचा धडधाकट लॅपटॉप भंगारात घालायला सांगताना आपण आधी लिनक्सचा पर्याय दाखवला का, हे स्वतःला विचारावं.

लॅपटॉप जागेप्रमाणे घडवायचा असतो, हे कोणाला सुचलंच नव्हतं असं नाही. मुरबाडला लागूनच असलेल्या कर्जत तालुक्यातलं खैराट आठवा. अमेरिकेतल्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाने २००७ मध्ये भारतातला पहिला प्रयोग तिथल्या धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत केला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपचा आतला भाग पाहिला तर आजही थक्क व्हायला होतं. पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही, कीबोर्ड रबराने बंद केलेला, म्हणून धूळ आत जायला वाट कमी. उन्हात वाचता येईल असा पडदा. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, उष्णता सोसणारी. वीज इतकी थोडी लागे की छोट्या सौर पॅनेलवर भागावं. आणि हँडलच्या आत जादा स्क्रू ठेवलेले, कारण तो गावातच उघडला जाईल असं बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. शंभर डॉलरचं वचन होतं, किंमत दोनशेच्या जवळ गेली. केंद्राने हा प्रकल्प आधीच नाकारला होता, आणि तो इथे रुजला नाही. शिक्षणशास्त्राच्या बाजूने त्यावर पुष्कळ टीका झाली, ती बरीचशी योग्यही असेल. पण दुरुस्तीवाल्याच्या नजरेने पाहिलं तर खेड्यासाठी एवढा विचार करून बनवलेला दुसरा लॅपटॉप माझ्या पाहण्यात नाही. माझ्या टेबलावर आलेल्या एकाही घरगुती लॅपटॉपमध्ये जादा स्क्रू नव्हते. आपल्याच शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं डिजिटल शाळा म्हणून नाव झालं, तिथेही सौर विजेची जोड होती, हे विसरता येत नाही.

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. आपल्याकडे राइट टू रिपेअरचं पोर्टल २४ डिसेंबर २०२२ ला सुरू झालं. ही पावलं मोलाची आहेत. तरी आटगावच्या हवेत कोणता लॅपटॉप टिकतो याचे गुण दिल्लीहून येणार नाहीत. 'ऑनसाइट वॉरंटी' असं खोक्यावर लिहिलेलं असतं. घेण्याआधी कंपनीला शहापूरचा ४२१६०१ किंवा मुरबाडचा ४२१४०१ पिनकोड सांगून विचारलं तरच कळतं की माणूस घरी येईल की लॅपटॉप घेऊन कल्याण गाठावं लागेल. हे विचारणं गिऱ्हाइकाला सुचत नाही, आपण सुचवायचं.

म्हणून या मृगापासून प्रत्येकाने टेबलावर एक वही ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जो लॅपटॉप उघडाल त्याचं मॉडेल, वय, किती पावसाळे काढले, घर पत्र्याचं की कौलाचं की स्लॅबचं, अर्थिंग आहे का, बॅटरीची मूळ आणि उरलेली क्षमता, रॅम सुटी की सोल्डर केलेली, बिजागरी कशात बसवलेली, खार नेमका कुठे धरला, भाग मिळाला का आणि किती दिवसांत. गिऱ्हाइकाचं नाव लिहू नका, त्याची गरज नाही. वर्षभराने पंचवीस-तीस वह्या एकत्र झाल्या, तर आपल्या भागासाठी लॅपटॉप घेणाऱ्याला आपण असं काही सांगू शकू जे कुठल्याच खोक्यावर छापलेलं नाही. ते या मासिकात छापण्याची जबाबदारी माझी. फुगलेल्या बॅटऱ्याही त्याच वेळी एकत्र गोळा करून अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे देऊ. हा मुंबईच्या पाण्याचा पाणलोट आहे, त्या इथल्या ओढ्याकाठी पडता कामा नयेत.

माझ्या वहीतली पहिली नोंद त्या मुलीच्या लॅपटॉपची आहे. वय दोन वर्षं, पावसाळे दोन. घर कुडाचं, छप्पर पत्र्याचं, अर्थिंग नाही. बॅटरी फुगलेली, बदलली. रॅम एक सोल्डर, एक जागा मोकळी. डावी बिजागरी प्लास्टिकमध्ये, इपॉक्सीने नट पुन्हा बसवला. खार चार्जिंगच्या भागात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला, एक आयसी बदलली. ८० टक्क्यांची मर्यादा चालू केली. पावसाळ्यात रोज तासभर चालवायला सांगितलं. शेवटच्या रकान्यात लिहिलंय: भातकापणीनंतर पुन्हा उघडून पाहायचा, पैसे घ्यायचे नाहीत. तिचे वडील म्हणालेत, मळणी उरकली की आणून देतो.