नशीब किती, चूक किती

गेल्या महिन्यात एका सहीवरून आमच्या घरी दोन दिवस अबोला होता. धाकट्या चिरंजीवांनी सायकल शर्यतीचा अर्ज आणला होता. वय सतरा, म्हणजे पालकाची सही हवी. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते, की अपघात झाल्यास जबाबदारी स्पर्धकाची व पालकाची राहील. बेगमनी तेवढी एकच ओळ वाचली, अर्जाची घडी घातली आणि पिठाच्या डब्याखाली ठेवून दिली.

"अब्बांचं अंग बघितलंयस ना?" त्या मुलाला म्हणाल्या. "घरात असा एक नमुना पुरे झाला."

नमुना म्हणजे आम्ही. आमचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. उजव्या कोपराच्या कातडीखाली डांबराच्या खडीचा काळा डाग कायमचा राहिला आहे. गुडघ्यावर सात टाके आहेत. आणि हे सारे सोसून आम्ही काय कमावले, तर एकदा तिसरा क्रमांक. त्याचे बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला होता. बेगमनी अर्ज ज्या डब्याखाली ठेवला, तो हाच.

रात्री जेवणे झाल्यावर चिरंजीव जवळ येऊन बसले. आवाज हळू करून विचारले, "अब्बा, तुम्ही नक्की कितीदा पडलात? आणि का पडलात?"

कितीदा ते सांगणे सोपे होते. शर्यतीत पाचदा. का, याचे उत्तरही आमच्याकडे वर्षानुवर्षे तयार होते. नशीब! पण या वेळी तो शब्द ओठांवर येऊन थांबला. समोर विचारणारा मुलगा स्वतः त्याच रस्त्यावर उतरायला निघाला होता.

आमच्या मरहूम वडिलांचे सायकलचे दुकान होते. पंक्चर काढणे, रिंगची आऊट काढणे, कोन-कटोऱ्या बदलणे, आणि तासाच्या भाड्याने सायकली देणे. त्यांना 'नशीब' हा शब्द दुकानात चालत नसे. गिऱ्हाईक म्हणाले, "काय नशीब, ब्रेकच लागला नाही," की ते आधी ब्रेकचे गुटके बघत आणि मग गिऱ्हाइकाकडे बघत. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवली, की लहानपणी आम्हाला वाटे, त्यांनी कधीतरी उंटाचाही धंदा केला असावा.

पहिली शर्यत आम्ही सोळाव्या वर्षी मारली. शेजारच्या गावच्या जत्रेनिमित्त ठेवलेली, वीस किलोमीटरची. सायकल दुकानातलीच, भाड्याची, बावीस इंची. कॅरियर आणि मडगार्ड काढून ती हलकी केलेली. अर्ध्या वाटेपर्यंत आम्ही पहिल्या पाचांत होतो. तेवढ्यात पँटचा पाय चेनमध्ये गेला आणि आम्ही सायकलसकट उसाच्या पाटात. चिखलाने माखून घरी आलो आणि म्हणालो, "नशीबच फुटकं."

वडिलांनी विचारले, "पँटला लावायची क्लिप कुठे होती?"

"खिशात."

"मग नशीब खिशात ठेवून फिरलास."

दुसऱ्या शर्यतीत शेवटाला चार किलोमीटर उरले असताना पुढच्या चाकातली हवा गेली. सायकल खांद्यावर टाकून आम्ही पळत आलो आणि शेवटून दुसरे आलो. आता पुन्हा बोलणी बसणार म्हणून मान खाली घालून उभे राहिलो. वडिलांनी टायर काढला, आतून बोट फिरवले आणि बाभळीचा लांब काटा बाहेर काढला. टायर नवा होता, हवा बरोबर होती, रस्ताही साफ होता. त्यांनी काटा तळहातावर ठेवून आम्हाला दाखवला. "हे मात्र नशीब," म्हणाले, आणि हत्यारांच्या फळीवर तो काटा टोचून ठेवला. पुढे कित्येक वर्षे तो तिथेच होता.

हे ऐकून चिरंजीवांनी त्यांच्या वाचनातली एक गोष्ट आम्हाला सांगितली. १९१३ सालच्या टूर द फ्रान्समध्ये यूजीन क्रिस्तोफ नावाचा फ्रेंच सायकलपटू पिरेनीज पर्वतातल्या तूरमाले घाटाच्या उतारावर होता. तिथे त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. त्या काळच्या नियमाप्रमाणे दुसऱ्याची मदत घेता येत नसे. तो सायकल उचलून दहा किलोमीटरहून जास्त चालत खालच्या गावात गेला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने चिमटा सांधला. एका पोराने भात्याला हात लावला, तर ती मदत ठरवून वर दंडाची मिनिटेही वाढवली. १९१९ साली टूरच्या इतिहासातली पहिली पिवळी जर्सी त्याच क्रिस्तोफला मिळाली, आणि त्याच वर्षी, शर्यत संपत आलेली असताना, चिमटा पुन्हा तुटला. टूर त्याला कधीच जिंकता आली नाही.

"याला म्हणायचं नशीब," चिरंजीव म्हणाले.

आम्हाला वाटले, या माणसाची आणि आमच्या वडिलांची गाठ पडायला हवी होती. त्यांनी त्याच्यासाठी काट्याशेजारी जागा केली असती.

तिसऱ्यांदा पडलो तो २६ जानेवारीच्या शर्यतीत. गळिताचा हंगाम होता. ट्रॉलीतून सांडलेला ऊस रस्त्यावर ठेचून पडलेला, त्यावर सकाळचे दव. रस्त्यावरच्या शर्यतीत सगळे थव्याने चालवतात. पुढचा माणूस वारा कापतो आणि त्याच्या चाकामागे लागलेल्याची बरीच ताकद वाचते. पण चाकामागे चाक, मध्ये जेमतेम हातभर अंतर, त्यामुळे मागच्याला रस्ता दिसतच नाही. म्हणून पुढच्याने ओरडून किंवा हाताने खुणावून मागे सांगायचे असते, खड्डा आहे, खडी आहे, जनावर आहे. त्या दिवशी पुढच्याने ऊस चुकवला, पण तोंड उघडले नाही. आठ जण एकमेकांवर कोसळले. पडताना माणूस आपसूक हात पुढे करतो आणि सगळा दणका हातातून खांद्याकडे जातो. आमचे कॉलर बोन मोडले. दीड महिना हात गळ्यात. बेगमशी आमचे लग्न त्याच वर्षी झाले. निकाहाच्या फोटोत आम्ही एका बाजूला कललेले दिसतो ते त्यामुळे, लाजेने नव्हे.

चौथे पडणे घाटाच्या उतारावरचे. पावसात स्टीलची रिंग ओली झाली की रबराचे गुटके नुसते सरकतात, हे सायकलवाल्याच्या मुलाला ठाऊक नसावे? ठाऊक होते. पण पुढचा माणूस दिसत होता आणि वेग कमी करवत नव्हता. वळणावर आम्ही गटारात गेलो. ते सात टाके तिथले. तेव्हा दुकानात गेल्यावर वडील काहीच बोलले नाहीत. फक्त नवे गुटके काढून पुढ्यात ठेवले.

एवढे सांगून आम्ही थांबलो. "चारच झाले," चिरंजीव म्हणाले.

पाचवे आम्ही कुणाला खरे सांगितले नव्हते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. वय त्रेचाळीस. पोट सुटले म्हणून पुन्हा सायकल धरली होती. या वेळी गिअरची, हलकी, हँडलवर वेग दाखवणारे मीटर. हौशी लोकांच्या शर्यतीत नाव घातले. दहा-बारा जणांचा थवा होता आणि आमच्या अगदी मागे एक एकोणीस वर्षांचा मुलगा, जवळच्याच खेड्यातला, मागून आणलेल्या जुन्या सायकलवर. चाळिशी ओलांडलेल्या आम्हाला त्या पोरांबरोबर टिकलो याचाच मोठा आनंद झाला होता. किती वेगाने चाललोय ते पाहावे म्हणून आम्ही मीटरकडे नजर टाकली. चांगला आकडा होता, म्हणून पुन्हा टाकली. तेवढ्यात पुढच्याने जरा पाय सैल सोडला. आमचे पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाला घासले. असे झाले की पुढचा सहसा तरतो आणि मागचा पडतो, कारण सारा तोल पुढच्या चाकावर असतो. आम्ही पडलो, आणि आमच्यावर तो मुलगा.

आमचे हेल्मेट तडकले आणि डोके वाचले. कोपर सोलून निघाले. त्या मुलाचे मनगट मोडले. तीन आठवड्यांनी त्याची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. त्या चाचणीत गोळाफेक असते. मनगट प्लास्टरमध्ये.

जमलेल्या लोकांनी विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो, "पुढचा एकदम थांबला हो." घरी तेच सांगितले. मित्रांना तेच. दवाखान्यात तो मुलगा आमच्याच बाकावर बसला होता. हात फडक्यात बांधलेला. आमच्या कोपराकडे बघून म्हणाला, "चाचा, तुम्हाला फार लागलं. जाऊ द्या, नशीब आपलं." आणि आम्ही मान हलवली.

वाचकहो, आम्ही जे लपवले ते एवढेच. एकदा मान हलवली. पण ती नऊ वर्षे जड वाटत राहिली.

आमचे बोलणे संपले तेव्हा कळले की बेगम स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आम्हाला वाटले, आता नव्या जखमेची भर पडणार. त्यांनी एवढेच विचारले, "त्या पोराला सांगितलंत का?"

त्या रविवारी आम्ही बापलेक त्याच्या गावी गेलो. शोधायला वेळ लागला नाही. तो आता दूध संकलन केंद्रावर काम करतो, लग्न झाले आहे, एक मुलगी आहे. त्याने ओळखले, खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. चहा येण्याआधीच आम्ही सांगून टाकले, की पुढचा थांबला नव्हता, आम्ही मीटर बघत होतो.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "चाचा, मला वाटायचं माझंच चुकलं. मी तुमच्या फार जवळ लागलो होतो. आपल्याला अंतर राखता येत नाही, हा आपला खेळ नव्हे, असं म्हणून मी सायकल विकली."

आम्ही भरतीचे विचारले. त्या वर्षीची गेली, पुढच्या वेळी धावण्यात गुण कमी पडले, मग घरची जबाबदारी आली. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, म्हणून ऐकायला जास्त अवघड गेले. निघताना आमच्या चिरंजीवांना म्हणाला, "पुढच्याच्या टायरकडे बघू नकोस. त्याच्या खांद्यावरून पुढं बघ."

परतताना आम्ही दोघेही गप्प होतो. आम्हाला एवढेच वाटत होते, की आपली चूक आपण नशिबाच्या खात्यावर टाकली, तरी तिची किंमत कुणाला तरी मोजावीच लागते. आम्ही हिशेब मिटला असे समजत होतो आणि एक पोर नऊ वर्षे तो फेडत होते.

अर्ज पिठाच्या डब्याखालून शेवटी बेगमनीच काढला. सही आम्ही केली, पण अटी त्यांच्या आहेत. तुमच्याही घरी असा अर्ज येऊ शकतो, म्हणून त्या इथे देतो. शर्यतीच्या आदल्या रात्री टायर, ब्रेक आणि चाकांच्या नटांवर मुलाने स्वतः हात फिरवायचा, आणि मग बापाने. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट हवा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरायचे नाही, कारण आतला फोम एकदाच दणका झेलतो. डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसायचे नाही. उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ यांतले काही दिसले तर तडक दवाखाना गाठायचा. खरचटलेली जागा स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवायची, खडीचे कण आत राहू द्यायचे नाहीत, हळद भरायची नाही, धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारायचे. आमच्या कोपरावरचा डाग बघून ही अट घातली गेली, हे उघड आहे.

शेवटची अट आमची. पडलास तर घरी येऊन आधी काय झाले ते सांगायचे. नशीब की चूक, ते आपण मिळून नंतर ठरवू.

शर्यत झाली. चिरंजीव एकवीस जणांत चौदावे आले. एका वळणावर घसरले, तळहात सोलला. घरी आल्यावर दारातच म्हणाले, "अब्बा, वळणावर वाळू होती. पण मला ती आधी दिसली होती."

बेगमनी हात धुवायला पाणी आणले. मीटर आम्ही पूर्वीच काढून कपाटात टाकले होते. ते मागायला चिरंजीव अजून आलेले नाहीत.