फुल फॉर्म सांगा, एक मार्क!

‘कॉम्प्युटरचा फुल फॉर्म काय?’ शाळेत हा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारलेला असणारच. आणि ‘कॉमन ऑपरेटिंग मशीन पर्पजली यूज्ड फॉर...’ असं एका दमात म्हणून दाखवणाऱ्याचा वर्गात भावही वाढला असणार. मंडळी, कॉम्प्युटरला फुल फॉर्म नाही. ‘कॉम्प्यूट’ म्हणजे आकडेमोड करणं आणि ती करणारा तो कॉम्प्युटर. यंत्रं यायच्या कितीतरी आधी आकडेमोड करणाऱ्या माणसांनाच हा शब्द वापरत. अक्षरं जुळतायत म्हणून तो फुल फॉर्म कुणीतरी मागाहून बसवला आणि आपण तो पाठ केला.

अशा गोष्टींचं खरं आगर म्हणजे जुनं मेनफ्रेम सॉफ्टवेअर. तिथली नावं तोकडी, चमत्कारिक आणि उच्चारताना जीभ अडखळेल अशी. नावाचं कारण सांगणारी माणसं निवृत्त झाली की मागे उरतात त्या दंतकथा. तुमच्यापैकी कितीतरी जण उद्या पुण्यातल्या नाहीतर नवी मुंबईतल्या एखाद्या आयटी कंपनीत लागतील आणि परदेशी बँकेच्या मेनफ्रेम प्रोजेक्टवर जाऊन बसतील. तेव्हा या दंतकथा सीनियर लोक तुम्हाला चहाबरोबर ऐकवतीलच. ऐका, हसा. पण माझं म्हणणं असं, की जुळतंय म्हणून ते खरं मानू नका.

‘अ‍ॅबेंड’ हा शब्दच घ्या. मेनफ्रेमवर एखादा प्रोग्रॅम मध्येच कोसळला की तो ‘अ‍ॅबेंड’ झाला म्हणतात. दंतकथा अशी, की शब्द जर्मन आहे. जर्मनमध्ये त्याच स्पेलिंगच्या शब्दाचा अर्थ संध्याकाळ. शुक्रवारी उशिरा ऑपरेटरला घरी जायची घाई असते, तेव्हा तो मशीनचं जे काही करतो ते अ‍ॅबेंड! विनोद भारी आहे. पण मूळ साधं आहे: ‘अ‍ॅबनॉर्मल एंड’. बस्स.

उलट काही फुल फॉर्म अगदी खरे असतात. १९६०च्या दशकात आयबीएमच्या लोकांनी ह्यूस्टनला नासाच्या कामासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव ‘ह्यूस्टन ऑटोमॅटिक स्पूलिंग प्रायॉरिटी’, थोडक्यात हॅस्प. पुढे त्याचा वारस आला जेईएस-२. पण आजही जेईएस-२चे मेसेज सुरू होतात ते डॉलरच्या चिन्हाने आणि ‘हॅस्प’ या अक्षरांनी. नाव बदललं तरी आडनाव राहिलं म्हणा ना!

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? अक्षरं कशी फोडता येतील हे शोधत बसू नका. नाव ठेवताना यंत्राची आणि माणसांची अडचण काय होती, ते विचारा. तुम्ही प्रॅक्टिकलला डोळे मिटून ‘फॉर आय इक्वल टू झिरो’ लिहिता. ‘आय’च का? १९५७ साली आयबीएम ७०४ या मशीनसाठी फोरट्रान भाषा आली. तिच्यात नियम होता, की आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं व्हेरिएबल पूर्णांक, बाकीची अपूर्णांक चालणारी, म्हणजे ‘रियल’. ‘इंटिजर’ शब्दाची पहिली दोन अक्षरं आय आणि एन, म्हणून लक्षात ठेवायला सोपं. पण गणिताच्या वहीत पदांचे क्रमांक आय, जे, के असे लिहायची पद्धत त्याहून जुनी. व्हेरिएबलचं नाव सहाच अक्षरांचं का? तर त्या मशीनच्या एका ‘वर्ड’मध्ये मावायचीच सहा अक्षरं. त्यावर प्रोग्रॅमर मंडळींचा विनोदही आहे: ‘गॉड’ इंटिजर म्हणून जाहीर केला नसेल, तर तो रियलच असतो!

आता गंमत सोडून नुकसानीकडे येऊ. मेनफ्रेमवर ‘आयईएफबीआर१४’ नावाचा प्रोग्रॅम आहे. आयईएफ हा आयबीएमने आपल्या एका विभागाच्या प्रोग्रॅमना दिलेला शिक्का. ‘बीआर १४’ म्हणजे चौदा नंबरच्या रजिस्टरमध्ये जो पत्ता आहे तिथे परत जा. हा सुरुवातीला अख्खा प्रोग्रॅम होता! आला तसा परत गेला. त्यातही चूक निघाली. सगळं ठीक झालं हे सांगणारा शून्य ठेवायचा राहिला होता, म्हणून आणखी एक ओळ घालावी लागली. ‘काहीच न करणारा प्रोग्रॅम, त्यातही बग’ ही गोष्ट नव्या पोरांना हमखास सांगतात आणि ती खरीही आहे.

पण तेवढंच ऐकून एखादा फ्रेशर ‘मग हा हवाच कशाला?’ म्हणत ती पायरी उडवायला निघाला तर? प्रोग्रॅम काही करत नाही, पण त्याच्यासोबत लिहिलेल्या ओळी वाचून सिस्टिम फाइल तयार करते किंवा पुसते. त्यासाठीच तर तो ठेवलेला असतो. पायरी गेली, की फाइल नाही. फाइल नाही, की पुढचा जॉब अ‍ॅबेंड. रात्री फोन कुणाला येणार, ते तुम्हीच ओळखा.

म्हणून दोन मागण्या. एक शिक्षकांकडे: फुल फॉर्मला एक मार्क देता ना, मग ‘हे नाव का?’ यालाही दोन द्या. दुसरी तुमच्याकडे. सबमिशनच्या आदल्या रात्री ‘फायनल_न्यू_२’ आणि ‘टेम्प३’ अशी नावं तुम्हीही ठेवताच. तो कोड ज्युनियरच्या हातात पडणार आहे. नावाशेजारी कारणाची एक ओळ लिहून ठेवा. नाहीतर ‘टेम्प३’चा फुल फॉर्म पुढच्या वर्षीची बॅच शोधून काढेल आणि व्हायवाला ठोकूनही देईल.